नाही आणि निरंक

घरात तिला घुमी म्हणत. लहानपणी ती बोलायचीच नाही. विचारलं तेवढ्याला उत्तर, तेही बऱ्याचदा मानेने. नाव आईने पाडलं आणि ते असं चिकटलं, की पुढे ती विद्यापीठात संशोधन करायला लागली, माईकसमोर उभी राहायला लागली, तरी बाबांच्या तोंडी घुमी ती घुमीच राहिली. त्यामुळे घुमीला चक्क बोलण्याबद्दल बक्षीस मिळालं हे ऐकून बाबांना आधी हसूच आलं.

"कशाबद्दल म्हणालीस?" त्यांनी फोनवर पुन्हा विचारलं.

"सादरीकरणाबद्दल. स्टेजवर उभं राहून आपलं काम समजावून सांगायचं. आम्ही तीस जण होतो. माझा पहिला नंबर आला."

"तू बोललीस?"

"दहा मिनिटं."

"सलग?"

बक्षीस साधंसुधं नव्हतं. शास्त्रज्ञांची एक संघटना दर दोन वर्षांनी विद्यार्थ्यांची ही स्पर्धा घ्यायची आणि पहिल्या आलेल्याला परदेशातल्या मोठ्या परिषदेला पाठवायची. जाणं-येणं, राहणं, सगळं संघटनेकडे. घुमीने तोवर विमान फक्त खालून पाहिलं होतं. पण विमानाचं तिला तेवढं नव्हतं. नदीतल्या जिवांवर काम करणारे तिकडचे एक प्रोफेसर होते. त्यांचे लेख वाचून वाचून तिच्याकडच्या प्रतींच्या कडा मऊ झाल्या होत्या. त्यांनी तिला कळवलं होतं, की तुझं भाषण ऐकायला मी येणार आहे आणि नंतर आमच्या प्रयोगशाळेतल्या एका जागेबद्दल आपण बोलू. त्या एका ओळीवर घुमी तीन आठवडे जगत होती. बसमध्ये, जेवताना, दात घासताना ती ओळ तिच्या डोक्यात चालू असायची.

आता तिचं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर होते. नदीतून पाणी उपसायचं आणि गावाच्या टाकीत चढवायचं. नदीत सोडलेल्या पाइपाच्या तोंडाशी लोखंडी जाळी असायची आणि तिच्यात पालापाचोळा, चिंध्या, मासे, लहान लहान खेकडे अडकायचे. पहाटे पाचला ती वर ओढायची, झटकायची, धुवायची, परत सोडायची आणि मगच मोटर सुरू करायची. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिथे एक हौशी इंजिनिअरसाहेब आले. ते म्हणाले, जाळीत खेकडे किती सापडतात ते रोज मोजा आणि रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात लिहीत जा. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. सहा महिन्यांनी त्यांची बदली झाली. मोजणं बंद करा असं पुढे कोणी सांगितलं नाही, म्हणून बाबा एकोणीस वर्षं मोजत राहिले.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि जुनी रजिस्टरं रद्दीत निघाली. बाबांनी साहेबांची परवानगी काढून ती घरी आणली. अडतीस रजिस्टरं, पलंगाखालच्या दोन ट्रंकांत. मावशी राहायला आली की म्हणायची, "भावजी, तुमच्या घरात माणसाला पाय पसरायला जागा नाही, खेकड्यांना मात्र दोन ट्रंका."

त्या ट्रंकांचं घुमीच्या मार्गदर्शक मॅडमना कळलं तेव्हा मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. एकाच जागी, एकाच माणसाने, रोज, एकोणीस वर्षं केलेली अशी मोजणी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. घुमीचा विषय तिथल्या तिथे ठरला. दोन वर्षं ती बाबांचं अक्षर वाचत होती आणि आकडे कॉम्प्युटरमध्ये भरत होती. तारखा तिने ठेवल्या नाहीत. पहिली नोंद म्हणजे दिवस एक, आणि तिथून पुढे सरळ क्रमांक. हिशेबाला ते सोपं पडतं, आणि सगळे तसंच करतात. खेकडा सापडला नाही त्या दिवशी बाबा कधी "निरंक" लिहीत, कधी नुसतं "नाही". ऑफिसातल्या माणसाचं ते लिहिणं. मनात येईल तो शब्द टाकला असेल, असं तिने धरलं. तिच्या प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात एक ओळ होती: "निरंक" आणि "नाही" म्हणजे शून्य.

आणि त्या आकड्यांतून एक नवलाची गोष्ट वर आली. दिवस ४,७५२ पासून दिवस ५,१७४ पर्यंत, म्हणजे चांगले चौदा महिने, एकही खेकडा नाही. मग दिवस ५,१७५ला चार. आठवड्यात नऊ, महिनाभरात सगळं पहिल्यासारखं. मॅडमनी जुने सरकारी कागद काढून दिवस जुळवले तेव्हा कळलं, की साधारण त्याच सुमाराला नदीच्या वरच्या अंगाला पुलाचं काम चाललं होतं. पाणी गढूळ झालं, खेकडे नाहीसे झाले. काम संपलं, खेकडे आले. इतक्या लवकर आले हीच त्यातली मोठी गोष्ट होती. नदी बिघडल्याच्या बातम्या सगळेच सांगतात. नदी सावरल्याची बातमी घुमीने आणली होती. भाषणाच्या शेवटी ती म्हणाली, "गेलेले परत आले," आणि पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर परीक्षकाने चष्मा काढून डोळे पुसले.

परिषदेला चार आठवडे उरले असताना एका रविवारी ती बाबांकडे गेली. बाबा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत, आणि त्या खोल्या पंपघर असल्यासारख्या ठेवत. पाना, पक्कड, टॉर्च, सगळं खिळ्यांना ओळीने टांगलेलं. त्यांनी तिच्यासाठी बॅग आणली होती. विमानात किती लांब-रुंद बॅग चालते ते शेजाऱ्याकडून काढून, दुकानात टेप घेऊन जाऊन, दुकानदाराचं डोकं खाऊन आणली होती.

"अर्धा इंच कमीच आहे," ते म्हणाले. "उगाच तिथे कोणी हरकत घ्यायला नको."

दुपारी जेवणं झाल्यावर तिने टेबलावर लॅपटॉप उघडला आणि भाषणाचा सराव केला. बाबा मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून बसले. भाषण इंग्रजीत होतं. संपल्यावर ते म्हणाले, "नऊ मिनिटं चाळीस सेकंद. बरोबर बसतंय. पण मला ओ की ठो कळलं नाही. आता आपल्या भाषेत सांग."

हे आजवर राहून गेलं होतं. त्यांची रजिस्टरं ती दोन वर्षं वापरत होती, पण त्यातून काय निघालं हे तिने त्यांना नीट कधी सांगितलं नव्हतं. फोनवर "काम चाललंय", "छान चाललंय" एवढंच. बापलेक दोघंही एकाच माळेचे मणी. ती खुर्ची त्यांच्या जवळ ओढून बसली आणि पडद्यावरची रेघ दाखवू लागली. हा उन्हाळा, हा पावसाळा, इथे खेकडे वाढतात, इथे कमी होतात. बाबा मान हलवत होते. त्यांच्या एकोणीस वर्षांची अशी एक रेघ होऊ शकते याचं त्यांना बरंच अप्रूप वाटलेलं दिसत होतं. मग त्यांनी बोट पुढे केलं.

"आणि हा खड्डा कसला?"

"तेच तर सगळं आहे, बाबा. तेव्हा खेकडे नव्हते."

"नव्हते असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच. रोज 'नाही' लिहिलंय तुम्ही. चारशे तेवीस दिवस."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मास्तरांनी गणित चुकीचं घातलं हे लक्षात आलेल्या, पण सांगावं की नाही अशा पेचात पडलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला.

"नसते तर मी निरंक लिहिलं असतं," ते म्हणाले.

"दोन्ही एकच ना?"

"एकच कसं? नोकरीला लागलो त्या दिवशी हेडक्लार्कने समोर बसवून शिकवलं होतं. रकाना मोकळा सोडायचा नाही. काही सापडलं नाही तर निरंक. निरंक म्हणजे मी बघितलं आणि नव्हतं. न बघता निरंक लिहिलं तर ती खोटी नोंद झाली."

"मग नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही बघितलं. मोजले नाहीत त्या दिवशी."

 घुमीला आधी वाटलं की बाबा विसरत असतील, वय झालंय. पण बाबा असल्या गोष्टी विसरत नाहीत हेही तिला माहीत होतं. ती उठली, ट्रंक ओढली आणि रजिस्टरं काढली. एकोणीस वर्षांत "निरंक" एकूण एकतीस वेळा होतं, इकडेतिकडे विखुरलेलं, जास्त करून कडाक्याच्या थंडीत. आणि "नाही" होतं ते सगळं एका ओळीत. एकामागून एक, पानंच्या पानं. दोन वर्षांत हे तिच्या डोळ्यांसमोरून शंभर वेळा गेलं होतं.

"चौदा महिने का नाही मोजले?" तिने विचारलं. आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा करडा निघाला.

"कधीचं आहे हे?"

पानावर तारीख होती, बाबांच्या अक्षरात, ठळक. तिने ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि महिन्यापाशी थांबली. त्या वर्षी ती पंधराची होती. शाळेचं शेवटचं वर्ष, म्हणून तिला मावशीकडे ठेवलं होतं. आईला जरा बरं नाही, तू अभ्यासाकडे लक्ष दे, असं सगळे म्हणत होते. आईला किती बरं नाही हे तिला कळलं तेव्हा आईला दवाखान्यातून घरी आणलं होतं आणि आठ दिवस उरले होते.

बाबा खिडकीकडे बघत बोलत होते. "मोजायला दहा-बारा मिनिटं लागतात. त्यांची पिल्लं पाल्यात लपतात, एकेक पान उलटून बघावं लागतं. तेवढ्यात सहाची गाडी जायची. ती चुकली की दवाखान्यात पोचायला अकरा वाजायचे, आणि ती वाट बघत असायची. म्हणून जाळी नुसती झटकायचो, मोटर सुरू करायचो आणि पळायचो."

घुमीने पानं उलटली. तिला एक तारीख शोधायची होती, आणि शोधू नये असंही वाटत होतं. सापडली. कॉम्प्युटरमध्ये तो दिवस ५,१५२ होता, तिने स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे शून्य टाकलं होतं आणि पुढच्या दिवसाकडे वळली होती. रजिस्टरमध्ये पाण्याची पातळी लिहिलेली होती. मोटर सुरू, पाच वीस. शेरा, नाही. खाली सही.

"त्या दिवशीही गेला होतात?"

"लोकांना पाणी नको का?" बाबा म्हणाले.

आई पहाटे गेली. त्यानंतर बाबा अर्धा तास घरात नव्हते. सोळा वर्षांची घुमी आईजवळ एकटी बसून होती, आणि बाबा कुठे गेले हे तिने तेव्हाही विचारलं नाही, पुढेही नाही. मनात मात्र ते अकरा वर्षं धरून ठेवलं होतं. ते कुठे गेले होते हे दोन वर्षं तिच्या समोर लिहिलेलं होतं. तिला बाबांचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग रागही टिकेना. ती रजिस्टर मांडीवर घेऊन जमिनीवर तशीच बसून राहिली.

बाबांना हळूहळू उमगलं. ते विज्ञान शिकलेले नव्हते, पण नोंदी कशावर उभ्या असतात हे त्यांना कळत होतं. ते उठून पाणी प्यायले. परत येऊन खुर्चीत बसले.

"म्हणजे हा खड्डा गेला, तर तुझ्या भाषणात काही उरत नाही."

"नाही."

"मग नव्हते असंच राहू दे."

तिने वर पाहिलं.

"लिहिणारा मी," बाबा म्हणाले. "दुसरं कोण सांगणार आहे? कोणी विचारलंच तर मी सांगेन, नाही म्हणजे नव्हते. हवं तर सहीनिशी लिहून देतो. तू जाऊन ये."

न बघता निरंक लिहायला ज्यांचा हात कधी धजला नव्हता, ते हे बोलत होते. त्यांच्या आवाजात कसलाही चढ-उतार नव्हता. बॅगेचं माप सांगावं तसे ते बोलले. घुमीला रडू आलं ते त्यामुळे. आणि खरं सांगायचं तर तिला मोह झाला. चांगला घट्ट मोह झाला. कोणाचं काय बिघडणार होतं? पूल होताच. पाणी गढूळ झालंच होतं. खेकडे खरोखरच गेले असतील, कोणी सांगावं?

"बाबा, तेव्हा जाळीत खेकडे दिसत होते का हो? काही आठवतं?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

 'दिसत नव्हते' एवढं म्हटलं की काम भागलं असतं, हे दोघांनाही समजत होतं.

"नाही म्हणजे आठवत नाही," ते म्हणाले. "माझं लक्षच नव्हतं."

संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. बॅग बाबांकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन रजिस्टरं घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेली. केबिन लहान होती. भिंतीभर फडताळं, फडताळांत बरण्या, बरण्यांत पिवळट पाण्यात बुडालेले जीव. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग चष्मा कपाळावर सरकवून रजिस्टरं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"ती पद्धतीच्या प्रकरणातली ओळ मी वाचली होती," त्या म्हणाल्या. "दोनदा वाचली असेल. त्यावर माझी सही आहे. आपली भाषा आपल्याला येते अशी माझी समजूत होती."

"मी त्यांना विचारायला हवं होतं."

"हो. हवं होतं. आणि मी तुला सांगायला हवं होतं, की विचार." मॅडमनी रजिस्टर मिटलं. "आता ऐक. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आज पत्र लिहायचं. दुसरा म्हणजे जाऊन यायचं, भाषणात त्या भागावर फार जोर द्यायचा नाही, आणि आल्यावर शांतपणे दुरुस्ती पाठवायची. दुसरा रस्ता पुष्कळ लोक घेतात. त्यांना कोणी चोर म्हणत नाही."

"तुम्ही काय केलं असतं?"

"मला विचारू नकोस. तुझ्या वयात मी काय केलं असतं ते मला माहीत आहे, म्हणून सांगत नाही."

 जायचं घुमीच्या फार मनात होतं. ते प्रोफेसर हॉलमध्ये येऊन बसतील हे चित्र तिने इतक्या वेळा पाहिलं होतं, की त्यांच्या कोटाचा रंगसुद्धा तिने ठरवून टाकला होता. पण तिथे उभं राहून त्या रेघेवर बोट ठेवायचं आणि "गेलेले परत आले" म्हणायचं, हे आता तिच्याकडून होणार नव्हतं. आपण तिथे काय दाखवत असू हे तिला आता माहीत होतं. परक्या हॉलमध्ये, परक्या माणसांपुढे, टाळ्यांसाठी ते दाखवायला तिचं मन घेईना.

"आज लिहिते," ती म्हणाली.

पत्र अर्ध्या पानाचं झालं. मॅडमनी त्यातलं "माझ्या हातून" काढून "आमच्या हातून" केलं आणि खाली आपलीही सही केली.

आठ दिवसांनी संघटनेचं उत्तर आलं. तुमच्या प्रामाणिकपणाचं आम्हांला कौतुक वाटतं, असं पहिल्या वाक्यात होतं. असल्या पत्रांत पहिलं वाक्य तसंच असतं. बक्षीस दुसऱ्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला देण्यात येत आहे. हा दुसऱ्या क्रमांकाचा विद्यार्थी तिच्याच विभागातला होता, वटवाघळांच्या आवाजावर काम करायचा, आणि जाड भिंगांमुळे सगळे त्याला ढापण म्हणायचे. तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि काय बोलावं ते न सुचून चष्मा पुसू लागला. तिने खणातून एक पिन काढून त्याला दिली. तिकडचे सॉकेट वेगळे असतात म्हणून तिने ती आधीच घेऊन ठेवली होती.

"हिच्याशिवाय तिकडे फोन चार्ज होत नाही म्हणे," ती म्हणाली.

परदेशातल्या प्रोफेसरांनाही तिने कळवलं होतं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. कळवल्याबद्दल आभार, आणि काम पुन्हा उभं राहिलं की जरूर दाखवा. जागेचा विषय त्यात नव्हता. ते पत्र तिने एकदाच वाचलं आणि त्या दुपारी विभागाच्या मागच्या जिन्यात बसून पोटभर रडली. कोणी बघितलं असतं तरी तिला त्याचं काही वाटलं नसतं.

बाबांना तिने फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं." पुढचे दोन आठवडे ते फोनवर "बरं" आणि "जेवलीस का" याच्यापलीकडे गेले नाहीत.

एक काम मात्र उरलं होतं. तिचे आकडे एका सार्वजनिक संग्रहात ठेवलेले होते, कोणालाही वापरता यावेत म्हणून. तिथे दुरुस्ती करायची, तर मूळ नोंदी करणाऱ्याचा खुलासा सहीनिशी लागणार होता. तो फॉर्म घेऊन ती रविवारी बाबांकडे गेली. परिषद त्याच आठवड्यात सुरू होणार होती. ढापण आदल्या दिवशी गेला होता.

बाबांनी दार उघडलं, तेव्हा तीन आठवड्यांत ते थोडे वाळल्यासारखे दिसले. बॅग कपाटावर ठेवलेली होती, वरून चादर घातलेली.

"मी त्या दिवशी बोललोच नसतो तर," चहा पिताना ते म्हणाले. बरेच दिवस ते वाक्य त्यांच्या घशात अडकलं असणार.

"बाबा, चूक माझी आहे. दोन वर्षं मी तुमचं अक्षर वाचत होते. एक फोन करून विचारलं नाही, की बाबा, नाही म्हणजे काय."

"तू कधी विचारतेस?" बाबा म्हणाले, आणि त्यात दोष नव्हता. "मी तरी कुठे सांगतो."

तिने फॉर्म पुढे केला. बाबांनी चष्मा लावला, पेन झटकून पाहिलं आणि ऑफिसात बसावं तसे ताठ बसले. नाव, हुद्दा, नोकरीचा काळ. मग एक रकाना होता: निरीक्षणे खंडित होण्याचे कारण. बाबा थांबले नाहीत. वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं, "पत्नीचे आजारपण व निधन." त्याखाली दुसरा रकाना होता: निरीक्षणे पुन्हा सुरू होण्याचे कारण. तिथे पेन थांबलं.

"इथे काय लिहू?"

 दिवस ५,१७५. तिच्या भाषणातला सगळ्यात मोठा दिवस. याच दिवशी तिचे खेकडे नदीत परतले होते. आई जाऊन तेवीस दिवस झाले होते. ती तेव्हा परत मावशीकडे गेली होती आणि बाबा इथे एकटे होते. ते कसे राहिले, कसे उठले, काय जेवले, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"काय झालं होतं त्या दिवशी?" तिने विचारलं.

बाबांनी पेन खाली ठेवलं.

"काही नाही. नेहमीसारखी जाळी झटकली. मला मोजायचं नव्हतंच. सोडूनच दिलं होतं ते. कशाला मोजायचं, कोण वाचतंय, असं झालं होतं." ते थांबले. "सगळं खाली पडलं आणि एक चिकटून राहिला. पडेना. काढायला हात घातला, तर त्याने बोट धरलं माझं. एवढासा, नखाएवढा. दुखत नव्हतं तसं. पण सोडेना."

घुमी गप्प राहिली. पण या वेळी ती थांबली होती ते ऐकायला.

"मी तसाच बसलो काठावर. किती वेळ बसलो माहीत नाही. मोटर लावायची राहिली, गावात पाणी उशिरा गेलं त्या दिवशी. मला रडता येत नव्हतं गं तोवर. ती गेली तेव्हाही नाही." बाबांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं. "मग त्याने आपण होऊन सोडलं. मग मी पाला उलटून बघितला. आणखी तीन होते."

त्यांनी पेन उचललं. रकान्याकडे थोडा वेळ बघितलं, आणि न बघितलेलं एक अक्षरही आयुष्यात न लिहिलेल्या त्या माणसाने सावकाश, वळणदार लिहिलं: "एकाने बोट धरले." आणि खाली सही केली.